साडेतीन हजारांचा करार, दहा हजारांचं मँडेट

जीएसटीआर-२बी, म्हणजे आपल्याला लावलेल्या बिलांवरच्या जीएसटीचा उतारा, दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं. जानेवारी २०२५ मध्ये डिसेंबरचं रिटर्न भरायला म्हणून एका लेथवाल्याचं २बी उघडलं आणि एका ओळीवर नजर अडकली. जूनपासून दर महिन्याला गिऱ्हाइकांच्या चौकशा मिळवून देणाऱ्या एका ऑनलाइन पोर्टलच्या बिलावर ६३० रुपये कर येत होता. डिसेंबरमध्ये तो ९९० झाला होता. अठरा टक्क्यांनी उलटा हिशेब केला तर महिन्याचे ३,५०० आता ५,५०० झाले होते.

फोन लावला. मागे मशीन चालू होतं.

"दादा, ते पोर्टलचं पॅकेज वाढवलंत काय?"

"कुठलं पॅकेज, ताई? त्ये तर सप्टेंबरातच बंद केलंय की."

मी कोल्हापुरात करसल्लागाराचं काम करते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून निघणारं कास्टिंग मशिनिंगसाठी उद्यमनगरच्या गल्ल्यांत जातं. तिथल्या अनेक छोट्या शेडची कागदपत्रं माझ्याकडे असतात. हे दादा त्यांतलेच एक. एक लेथ, हाताखाली एक पोरगा, आणि हिशेब, फोन, चलनं हे सगळं वहिनींकडे. पोर्टलचं नाव इथं देत नाही. जे घडलं ते समजायला त्याची गरजही नाही.

काय घडलं होतं

जून २०२४ मध्ये पोर्टलचा मुलगा शेडवर आला. महिन्याला २५ पक्क्या लीड्स (म्हणजे गिऱ्हाइकांच्या चौकशा), ३,५०० अधिक जीएसटी, म्हणजे ४,१३० रुपये, "आणि पटलं नाही तर कधीही बंद करा." पहिला हप्ता यूपीआयने घेतला. पुढच्या हप्त्यांसाठी त्याने स्वतःच्या टॅबवर बँक खात्याचं ई-मँडेट, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी, भरलं. दादा तेव्हा चकवर जॉब बांधत होते. हाताला तेल, म्हणून फोनवर आलेला ओटीपी त्यांनी नुसता वाचून दाखवला. टॅबच्या पडद्यावर काय लिहिलंय ते कुणीच पाहिलं नाही.

नंतर बँकेतून मँडेटचा तपशील काढला तेव्हा त्यात तीन गोष्टी दिसल्या. कमाल रक्कम १०,००० रुपये. वारंवारिता: मागणी येईल तेव्हा. मुदत: रद्द करेपर्यंत. करार साडेतीन हजारांचा आणि परवानगी दहा हजारांची. डिसेंबरमध्ये हप्ता ६,४९० झाला तेव्हा बँकेला त्यात काहीच वावगं दिसलं नाही, कारण रक्कम दहा हजारांच्या आतच होती. वजावटीचे एसएमएस वहिनींच्या जुन्या नंबरावर जात होते. तो नंबर बंद पडून वर्ष झालेलं.

लीड्सचं म्हणाल तर वहिनींनी दोनशे पानी वहीत एकेक लीड उतरवून ठेवली होती. तारीख, गाव, काय हवं, काय झालं. "गुवाहाटी, स्टीलचा बुश, २ नग, परत फोन नाही." "पॉलिटेक्निकचा मुलगा, प्रोजेक्टला पाहिजे, फुकट करून द्याल का." "आधीच सात जणांचे फोन आले म्हणाला." एका ओळीत तर नुसतं "लेथ विकायचा आहे का विचारलं" एवढंच. जून ते सप्टेंबर मिळून ४७ नोंदी. त्यांतले ११ नंबर लागलेच नाहीत, १९ जणांना सीएनसी, प्लॅस्टिक किंवा तयार माल हवा होता, १४ जणांनी दर विचारून फोन ठेवला. तिघांनी ड्रॉइंग पाठवलं. त्यातून एक ऑर्डर आली, ६,८०० रुपयांची.

९ सप्टेंबरला वहिनींनी त्या मुलाला व्हॉट्सअ‍ॅप केला: "आमचं पुढच्या महिन्यापासून बंद करा, काम मिळत नाही." उत्तर आलं: "ओके मॅडम, सांगतो ऑफिसला." नंतर त्या मुलाने नोकरी सोडली. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरला ४,१३० गेले, डिसेंबर आणि जानेवारीला ६,४९०. बंद करा म्हटल्यानंतर एकूण २१,२४० रुपये.

आधी काय केलं नाही

दादांचा पहिला विचार सरळ होता. खात्यातले पैसे काढून घ्यायचे, हप्ता बाउन्स होऊ दे, आपोआप गप्प बसतील. उद्यमनगरात हा उपाय सर्रास चालतो आणि मला तो अजिबात पटत नाही. एक तर प्रत्येक बाउन्सला बँक दंड लावते. दुसरं म्हणजे पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स अ‍ॅक्ट, २००७ चं कलम २५. खात्यात पुरेसे पैसे नाहीत म्हणून इलेक्ट्रॉनिक वजावट परत गेली तर चेक बाउन्ससारखीच फौजदारी तक्रार होऊ शकते, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. देणंच लागत नाही हे पुढे सिद्ध करता येईलही, पण तारखा दादांनाच कराव्या लागणार. समोरच्याच्या हातात आयतं हत्यार कशाला द्यायचं?

मँडेट रद्द करणं ही वेगळी गोष्ट. त्यात आपण म्हणतो, पैसे आहेत, पण तू काढायचे नाहीत. चेकचं पेमेंट थांबवण्याच्या जातीचं हे काम आहे. देणं लागतं की नाही हा प्रश्न त्याने मिटत नाही, पण निदान भांडण चालू असताना पैसे जात राहत नाहीत.

बँकेत गेलो तर काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, "कंपनीकडून रद्द करून आणा." हे उत्तर बहुतेकांना मिळतं आणि बहुतेक जण तिथूनच परततात. ईसीएसच्या, म्हणजे खात्यातून आपोआप वजावटीच्या जुन्या पद्धतीच्या, काळापासून रिझर्व्ह बँकेच्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट आहे की खातेदाराने मँडेट मागे घ्यायला सांगितलं तर बँकेने पैसे घेणाऱ्या संस्थेची संमती मागायची नाही. वाद घातला नाही. दोन प्रतींत अर्ज लिहिला, त्यात मँडेटचा यूएमआरएन क्रमांक टाकला, आणि एका प्रतीवर आवक शिक्का मारून पोच मागितली. शिक्का मारायची वेळ आली की काउंटरचा सूर बदलतो, हा माझा जुना अनुभव आहे. तीन दिवसांत मँडेट रद्द झालं. ५ फेब्रुवारीची मागणी "मँडेट रद्द" या कारणाने परत गेली.

इथं एक गैरसमज वारंवार आडवा येतो. दादांच्या भाच्याने कुठेतरी वाचलं होतं की ऑटो-डेबिटच्या आधी २४ तास मेसेज यावाच लागतो आणि १५,००० च्या वर ओटीपी लागतो. बरोबर आहे, पण रिझर्व्ह बँकेचे ते नियम कार्ड, प्रीपेड वॉलेट आणि यूपीआय ऑटोपेसाठीचे. बँक खात्यावरचं नॅच (एनएसीएच) मँडेट, म्हणजे दादांचं होतं तसलं, त्यात येत नाही. पोर्टलवाले कार्डाऐवजी खात्याचं मँडेट का मागतात याचं निम्मं उत्तर इथंच सापडतं, असं मला तरी वाटतं.

आणखी एक. "आपली उद्यम नोंदणी आहे, समाधान पोर्टलवर टाकूया" असंही कुणीतरी सुचवलं. ते पोर्टल छोट्या उद्योगाने माल किंवा सेवा विकली आणि पैसे थकले तर. इथं दादा विकत घेणारे होते. तो दरवाजा आपला नव्हताच.

मागायचं किती

दादांना सगळे ३७,७६० परत हवे होते. "एक काम मिळालं न्हाई धड, ताई. फुकट गेले पैसे." राग खरा होता. पण लीड्स निकृष्ट होत्या हे सांगणं सोपं, सिद्ध करणं कठीण. पोर्टलच्या अटींत "लीड" म्हणजे कोणतीही चौकशी, आणि धंदा मिळेल याची हमी नाही, असं लिहिलेलं असतंच. मुलाने जूनमध्ये पाठवलेला "२५ जेन्युइन लीड्स पर मंथ" हा मेसेज आपल्याकडे होता. करार कायदा, १८७२ च्या कलम १८ आणि १९ खाली खोटी माहिती देऊन करार करवला असं म्हणता आलं असतं. पण चार महिने सेवा वापरून, एक ऑर्डर घेऊन मग तसं म्हणणं पातळ पडतं.

म्हणून मी भांडण लहान केलं. जून ते सप्टेंबरचे १६,५२० सोडून दिले. मागणी फक्त ९ सप्टेंबरनंतरच्या चार वजावटींची, २१,२४० ची. तिथे लीड चांगली की वाईट हा प्रश्नच येत नाही. बंद करा म्हटलं, हो म्हणालात, तरी घेतलेत. वर न विचारता वाढवलेत.

दादांना हे पटायला दोन चहा लागले. वहिनींना लगेच पटलं.

पत्र ई-मेलने तक्रार निवारण अधिकाऱ्याला आणि रजिस्टर्ड एडीने नोंदणीकृत कार्यालयाला पाठवलं. सोबत व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट, बँक उतारा आणि पोर्टलचीच आठ बिलं. या बिलांवर माझी खरी भिस्त होती. प्रत्येक बिलावर "मासिक सदस्यता" आणि त्या त्या महिन्याचा सेवा कालावधी छापलेला होता.

पोर्टलचं उत्तर

उत्तर आठवड्याने आलं. करार बारा महिन्यांचा आहे, लॉक-इन आहे (म्हणजे मध्येच सोडता येत नाही), डिसेंबरची वाढ "पॅकेज अपग्रेड" आहे, आणि मे २०२५ पर्यंतचे चार हप्ते, २५,९६० रुपये, अजून येणे आहेत. न भरल्यास कायदेशीर कारवाई. आणि मध्येच एक ओळ: "आपण ऑक्टोबरमध्ये दोन लीड्स उघडल्या असून आमच्याकडे नोंद आहे."

मी वहिनींना फोन केला. क्षणभर शांतता. मग म्हणाल्या, "व्हय ताई, उघडल्या होत्या. मेसेज आला, म्हटलं बघावं. पैसे जायलेत हे ठाऊकच न्हवतं." वहीत त्या नोंदी नव्हत्या, कारण वही सप्टेंबरला थांबली होती.

चूक माझी. पत्र लिहिण्याआधी पोर्टलच्या पॅनेलवर लॉगिन करून शेवटचा वापर कधीचा, हे मीच पाहायला हवं होतं. चार महिन्यांची स्वच्छ मागणी एका ओळीत डागाळली. ऑक्टोबर हातचा गेला हे मला तिथंच कळलं.

लॉक-इनचा मुद्दा मात्र तपासण्यासारखा होता. टॅबवरची ई-सही सकाळी ११ वाजून ४२ मिनिटांची. लॉक-इनची अट ज्या पानावर होती त्याची लिंक ई-मेलने आली दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी. सही आधी, अट नंतर. शिवाय लॉक-इन असला तरी उरलेले सगळे हप्ते आपोआप देय होत नाहीत. करार कायद्याचं कलम ७४ म्हणतं की करारात ठरलेल्या रकमेच्या मर्यादेत, वाजवी भरपाई. फेब्रुवारी ते मे लीड्सच दिल्या नाहीत तर २५,९६० चं नुकसान कशाचं? आणि तेही न मागता वाढवलेल्या दराने?

ग्राहक आहोत का?

यापुढचा रस्ता ग्राहक आयोगाचा, असं मी गृहीत धरलं होतं. कोल्हापुरात जिल्हा आयोग आहे, तक्रारदार राहतो त्या ठिकाणी तक्रार दाखल करता येते, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही, अर्ज आता ई-जागृतीवर ऑनलाइन भरता येतो. "दुसऱ्या शहराच्याच न्यायालयात जावं लागेल" ही पोर्टलची अट तिथं आड आली नसती. लवादाची अट असती तरी तिनेही आयोगाचं दार बंद होत नाही.

पण वकील मित्राने एक कलम समोर ठेवलं आणि माझा उत्साह मावळला.

ग्राहक कायद्यात "व्यावसायिक हेतू"ने घेणारा ग्राहक धरला जात नाही. याला एक अपवाद आहे: स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलं असेल तर. १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पीएसजी इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा अपवाद उदाहरणं देऊन समजावला. आणि त्या उदाहरणांत चक्क लेथ आहे. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी लेथ घेणारा माणूस ग्राहक ठरतो, आणि मदतीला एक-दोन माणसं ठेवली म्हणून त्याचं ग्राहकपण जात नाही. दादा आणि त्यांचा पोरगा, अगदी हुबेहूब. मी ते वाचून दाखवलं तेव्हा दादा हसले. "म्हणजे आपलंच नाव की वो त्यात!"

अडचण अशी की तो निकाल यंत्राबद्दल, म्हणजे वस्तूबद्दल आहे. १९८६ च्या कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने या अपवादात "सेवा" हा शब्द घातला गेला. २०१९ चा नवा कायदा आला, त्याच्या कलम २(७) च्या स्पष्टीकरणात मात्र फक्त "वस्तू" उरल्या. सेवा गायब. दादांनी लेथ विकत घेतला असता आणि तो बिघडला असता तर ते निर्विवाद ग्राहक. लेथला काम मिळावं म्हणून सेवा घेतली, तर शंका. लिलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टच्या २०१९ च्या निकालाचा आधार घेऊन, व्यवहाराचा नफ्याशी थेट संबंध किती, असा युक्तिवाद करता येतो. पण मित्र म्हणाला ते खरं होतं: "लढता येईल. पण पहिलं वर्ष तुम्ही ग्राहक आहात का यावरच जाईल."

२०२३ च्या डार्क पॅटर्न मार्गदर्शक तत्त्वांत "सबस्क्रिप्शन ट्रॅप" नावाने हीच लबाडी वर्णन केली आहे. तीही ग्राहक कायद्याखालचीच, म्हणजे गाडी पुन्हा त्याच फाटकाशी.

वीस हजारांसाठी दिवाणी दावा? नको.

१९१५ आणि मार्च

तरीही १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली. ती न्यायालय नव्हे, ती तक्रार कंपनीकडे पोचवते आणि उत्तर मागते. तक्रारीत अपग्रेडचा मुद्दा सगळ्यात वर ठेवला: मँडेटची मर्यादा वापरून, लेखी संमतीशिवाय, रक्कम वाढवली. अपग्रेडला संमती दिल्याचा मेसेज, कॉल किंवा ओटीपी दाखवा, एवढंच मागितलं. आपले स्क्रीनशॉट पुढे कुठे लागलेच तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडू, असंही लिहिलं.

पहिला देकार आला: अपग्रेडचा फरक, दोन महिन्यांचे ४,७२०, किंवा त्याऐवजी सहा महिने मोफत लीड्स. मोफत लीड्सचं ऐकून वहिनी म्हणाल्या, "दुसरी वही आणायला लागंल."

आपण ऑक्टोबर सोडला आणि नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी मागितले: १७,११०. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ते १४,५०० वर आले. "जीएसटी सरकारला भरला, तो परत मिळत नाही."

इथं माझा धंदा कामाला आला. सीजीएसटी (केंद्रीय जीएसटी) कायद्याच्या कलम ३४ खाली क्रेडिट नोट, म्हणजे आधीच्या बिलाची रक्कम कमी करणारा कागद, काढली की विकणाऱ्याची कराची जबाबदारी तेवढी कमी होते. २०२४-२५ च्या बिलांसाठी ३० नोव्हेंबर २०२५ पर्यंत मुदत होती. त्यामुळे "सरकारला भरला" हे वाक्य अर्धंच खरं. दादांनी नोव्हेंबरचं ६३० चं क्रेडिट, म्हणजे बिलावर दिलेल्या कराची आपल्या करातून वजावट, आधीच घेतलं होतं. डिसेंबर आणि जानेवारीचे १,९८० मी रोखून ठेवले होते, कारण सेवा घेतलीच नाही असं एका हाताने लिहायचं आणि दुसऱ्या हाताने तिच्यावर क्रेडिट घ्यायचं, हे कलम १६(२) मध्ये बसत नाही. कराशिवाय पैसे घेतले असते तर ते १,९८० बुडाले असते. नोंदणी नसलेल्या माणसाचे तर सगळे २,६१० गेले असते.

कलमाचा क्रमांक घालून दोन ओळींचा ई-मेल केला. चार दिवसांत क्रेडिट नोट आणि १७,११० रुपये, दोन्ही आले. मार्चच्या रिटर्नमध्ये आधी घेतलेलं ६३० चं क्रेडिट परत फिरवलं.

एक गोष्ट राहिली. आपण लिहून मागितलं होतं की २५,९६० ची मागणी सोडली, यापुढे काही येणे नाही. त्या ओळीला उत्तर आलं नाही. फक्त "युवर अकाउंट हॅज बीन क्लोज्ड" एवढा मेसेज आला, तोही वहिनींच्या नव्या नंबरावर. करारातल्या येण्याला तीन वर्षांची मुदत असते, मेचा हप्ता धरला तर मे २०२८ पर्यंत. तोवर फाइल माझ्या कपाटात आहे, वहीसकट.